उपासाची द्राक्षं

माझ्या पदवीचं प्रमाणपत्र वडिलांनी, म्हणजे आबांनी, डोंगरकडा गावच्या बाजारातून काच लावून आणलं आणि भिंतीतल्या ज्या खुंटीला त्यांची घोंगडी अडकवलेली असायची, तिथे लटकवलं. घोंगडी त्या दिवसापासून बेघर झाली. कधी ती पेटीवर असे, कधी ज्वारीच्या पोत्यांवर, आणि सकाळी मेंढरं घेऊन निघताना आबा ती घरभर शोधत फिरत. "कुठं गेली रं घोंगडी?" असं विचारताना ते त्या काचेकडे बघत. मला वाटायचं, कौतुकाने बघतात. आता माझ्या मुलाचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे आणि मला माझा चष्मा सापडत नाही, तेव्हा त्या बघण्याचा अर्थ जरा वेगळा लागतो.

आमचं घर मेंढपाळाचं. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. शाळेची पायरी दोघा-तिघांनी चढली होती, पण मेंढरं वळायला ते लगेच खाली उतरले होते. आमची सकाळ व्हायची ती कोकरांच्या ओरडण्याने. त्यांच्या आया रानात निघायच्या आणि कोकरं मागच्या खोलीत कोंडलेली, त्यामुळे रोज सकाळी घरात मोठा आकांत असे. त्या आकांतात आईचं भाकरी थापणं, आबांचं खोकणं आणि माझ्या धाकट्या बहिणीचं, कांताचं, मोठ्याने रसायनशास्त्र पाठ करणं चाललेलं असायचं. ती कळमनुरीला बारावी विज्ञानाला होती. चहा मेंढीच्या दुधाचा, घट्ट, वर सायीचा पापुद्रा. परभणीला शेतीच्या कॉलेजात असताना मी मित्रांना सांगायचो की आमच्याकडे म्हशी आहेत. सुट्टीत घरी आलो की तोच चहा मात्र तीन-तीन वेळा मागून प्यायचो.

जमीन दोन तुकड्यांत. एक माळ, मुरमाड, चढाचा, जिथे कुसळी गवताशिवाय काही यायचं नाही आणि मेंढरं चरायची. दुसरी ओढ्याकाठची काळी. ही काळी म्हणजे आमच्या घराची प्रतिष्ठा होती. आमच्याकडे उन्हाळ्यात शेतकरी मेंढपाळाला शेतात मेंढरं बसवायला बोलावतात. कळप जाळीच्या कुंपणात एका जागी रात्र काढतो, दुसऱ्या दिवशी शेजारच्या जागी, असं करत सगळ्या शेताला लेंडीखत मिळतं. बदल्यात शेतकरी ज्वारी देतो. आजोबांनी जन्मभर लोकांच्या काळीत मेंढरं बसवली आणि म्हातारपणी ओढ्याकाठचा हा तुकडा आपल्या नावावर केला. उन्हाळ्यात तिला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडायच्या, आणि पावसाळ्यात तिच्यात रुतलेली चप्पल दिवाळीनंतरच परत मिळायची. पण हळद अशी यायची की वसमतचे व्यापारी गड्डा हातात घेऊन नुसते बघत राहायचे.

या काळीत मी द्राक्षं लावली. तीही खायची नाहीत, वाइनची.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आमची सहल नाशिककडे गेली होती. डोंगराच्या उतारावर ओळीने बागा, तारांवर चढवलेले वेल, आणि बूट घातलेला एक बागायतदार, जो आम्हा पोरांशी इंग्रजी-मराठी मिसळून बोलत होता. मी त्या बुटांकडे बघत राहिलो. पायाखालच्या खडकाळ उताराकडे बघितलं नाही. सकाळी सगळ्यांना स्वेटर घालावे लागले होते, माझ्याकडे नव्हता म्हणून मी कुडकुडत होतो, पण ती थंडी हाच तिथला मोठा मालक आहे हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला एवढंच कळलं की द्राक्ष लावलं की बूट येतात. तिथल्या एका वाइन कंपनीच्या साहेबांना मी भेटलो, आणि ते म्हणाले, "तुमच्या भागात अजून कुणी केलेलं नाही. लावून बघा. माल बसला आमच्या मापात, तर घेऊ." यातला "तर" हा शब्द मी परभणीच्या बसमध्येच विसरलो.

पुस्तकात सगळं लिहिलेलं होतं. द्राक्षाच्या मुळांना साचलेली ओल सोसत नाही; हलकी, मुरमाड, पाणी खाली सोडून देणारी जमीन हवी. वेल थोडा उपाशी राहिला तरच त्याला फळाची आठवण होते. भरल्या पोटी तो नुसता वाढतो. हे मी परीक्षेत लिहून आलो होतो. पण घरी आल्यावर मला वाटलं, हा नियम ज्या बिचाऱ्यांकडे काळी नाही त्यांच्यासाठी असणार. आबांना विचारलं, तर त्यांचंही तेच.

"माळावर लावू का काळीत?"

"येडा का खुळा तू? नवी सून घरात आणायची अन् तिला कोकरांच्या खोलीत बसवायची व्हय?"

म्हणून हळद गेली आणि काळीत लोखंडी अँगल उभे राहिले, तारा ताणल्या गेल्या. लावणीच्या आधी, उन्हाळ्यात, आबांनी सगळा कळप काळीत आणून बसवला. एरवी तो हंगाम लोकांच्या शेतांत जायचा. त्या वर्षी त्यांनी दोन-तीन मोठ्या शेतकऱ्यांना नकार दिला. मला म्हणाले, "माझ्या बापानं बसवले दुसऱ्याच्या रानात, मी बसवले दुसऱ्याच्या रानात. या साली माझ्या लेकराच्या रानात बसतेत." नत्र जास्त झालं की पाला माजतो, हे मला तोंडपाठ होतं. पण या वाक्यानंतर नत्राचा विषय काढायला जी छाती लागते ती कुठल्याच विद्यापीठात मिळत नाही. खरं सांगायचं तर माझे डोळेही भरून आले होते. पुढच्या उन्हाळ्यात वेलांच्या ओळींमधून कळप पुन्हा बसला.

वेल वेडे झाले. पानं परातीएवढी, काड्या मनगटाएवढ्या, आणि तारांवरून खाली, खालून पुन्हा वर. दुसऱ्या पावसाळ्यात बागेत दुपारी अंधार व्हायचा. आजूबाजूच्या गावांतून लोक बघायला येत. मी पायात बूट घालून (ते मी नांदेडहून आधीच आणले होते) त्यांना बाग दाखवत असे. ते बूट काळ्या चिखलात एकेक किलो माती घेऊन चालायचे, त्यामुळे माझी चाल आपोआप भारदस्त झाली होती. लोक म्हणत, "मारोती, काय बन केलं रं!" मी म्हणे, "शास्त्रीय पद्धत." कांता मागे उभी राहून ऐकायची आणि लोक गेले की विचारायची, "दादा, पाला विकायचा हाय का आपल्याला?"

तिची थट्टा वरवरची होती. हट्टा गावातल्या एका घराने तिला मागणी घातली होती. पोरगा चांगला, घर चांगलं, आणि आमच्या भावकीत मुलगी बारावी झाली म्हणजे तिचं शिक्षण जरा जास्तच झालं असं धरत. कांताला परभणीला जाऊन शेतीचंच शिकायचं होतं, माझ्यासारखं. आबांनी हो म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. एका संध्याकाळी जेवताना, अंबाडीची भाजी भाकरीवर घेता घेता, ते म्हणाले होते, "मारोतीचा बाग काय म्हणतो ते बघू. मग कांताचं ठरवू." त्या दिवसापासून त्या बागेकडे सगळ्यात जास्त लक्ष तिचं होतं. रोज कॉलेजहून आली की वह्या-पुस्तकं टाकून ती आधी बागेत जायची, पानं वर करून बघायची. मला म्हणाली, "तुझे द्राक्षं आले न्हाई तं माझं लगीन येईल, ध्यानात ठिव." मी तिला आत्मविश्वासाने सांगितलं, की छाटणीनंतर बघ.

ही छाटणी काय असते ते सांगायला हवं. थंड मुलखात हिवाळा आला की वेल आपणहून पानं टाकून झोपतो, आणि उठला की फुटतो. आपल्याकडे त्याला झोपवेल अशी थंडीच नाही. म्हणून इथे माणसाने त्याला फसवायचं: पावसाळा सरला की कात्रीने सगळा पाला आणि काड्या उतरवायच्या. वेलाला वाटतं, एक वर्ष संपलं, आणि तो नव्याने फुटून घोस धरतो. हे मी घरात नीट समजावून सांगितलं होतं. आईने मान डोलावली होती. पण दिवाळीच्या तोंडावर जेव्हा ते हिरवं बन दोन दिवसांत नुसत्या खुंटांवर आलं, तेव्हा ती बांधावर बसून डोळ्याला पदर लावू लागली. आणि संध्याकाळी माझे चुलते, सोपानकाका, डोक्यावर टॉवेल घेऊन आले, ओट्यावर टेकले आणि हलक्या आवाजात आबांना म्हणाले, "कवा झालं?"

"काय कवा झालं?" आबा म्हणाले.

"बाग गेला म्हणे."

"गेला न्हाई. कापला."

"कोन?"

"मारोतीनं."

सोपानकाकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी खुनाचा आरोपी. "सणासुदीत, हिरवा, उभा बाग! काहून रं बाबा?" त्यांच्यामागून आणखी चार घरची माणसं आली, दोन बायका तर भाकरी-पिठलं घेऊन. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारी जेवण आणतात. मी छाटणीचं शास्त्र सांगत राहिलो आणि लोक मान हलवत, पिठलं वाढत राहिले. ते पिठलं फार चांगलं झालं होतं, हे मला अजून आठवतं.

वेल फुटले. पण फुटलेल्या काड्यांवर बहुतेक पुन्हा पानंच. काळीच्या पोटात अजून दोन पावसाळ्यांची ओल आणि दोन उन्हाळ्यांचं लेंडीखत होतं. इतकं मिळत असताना वेलाने पोराबाळांची काळजी का करावी? घोस आले ते फक्त वरच्या कडेला, माळाला लागून असलेल्या काही ओळींवर. तिथे काळी वीतभरच होती आणि खाली मुरूम. कळपही त्या चढावर नीट बसला नव्हता. तिथले वेल रोडके, पानं लहान, जरा पिवळट. मला त्यांची इतकी लाज वाटायची की पाहुण्यांना मी कायम ओढ्याच्या बाजूने आत नेत असे. त्याच ओळींवर लहान, काळे, घट्ट घोस लगडले होते. सगळ्या बागेत मिळून जे काही आलं, ते मी लपवलेल्या ओळींवर.

वाइन कंपनीचे साहेब माघात आले. ओढ्याकडच्या दाट ओळी बघून म्हणाले, "इथे बकऱ्या सोडा." वरच्या ओळींजवळ गेल्यावर मात्र ते थांबले, माती हातात घेतली, बुटाने मुरूम उकरला. "तुमची बाग एवढीच," ते म्हणाले. "बाकीचं कुरण आहे." मग एकेक मणी तोडून साखर मोजायच्या काचेत रस टाकला आणि मान डोलावली. कांता माझ्या शेजारून वाकून काचेत डोकावत होती. मग त्यांनी मणी तोंडात टाकले, बराच वेळ चघळले, थुंकले. पुन्हा चघळले.

"साखर भरपूर आहे," ते म्हणाले. "पण आंबटपणा गेलाय. वाइनला दोन्ही लागतं. दिवसाच्या उन्हाने गोडी येते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. तुमच्याकडे रात्र गरम असते का हो?"

आबा म्हणाले, "व्हळीच्या आधीच घोंगडी नकोशी होती साहेब."

"तेच. द्राक्ष वाईट नाही. आमच्या मापात बसत नाही, एवढंच." जाताना त्यांनी आईच्या हातचा मेंढीच्या दुधाचा चहा दोन कप मागून घेतला आणि दूध कुठल्या म्हशीचं आहे ते विचारलं. मी सांगितलं नाही. कांताने सांगितलं. मग त्यांनी तिसरा मागितला.

संध्याकाळी सोपानकाका आले. या वेळी टॉवेल खांद्यावर होता. "एक शिकला, काळी उपाशी ठिवली न्हाई, घर ठिवलं," ते आबांना म्हणाले. "आता दुसरीला धाडता का परभणीला? हट्ट्याचे लोक शिवरात्र झाली की येऊन राहिले. बराबर बोला त्यांच्याशी." आबा उठून घोंगडी शोधायला लागले. दुसऱ्या दिवशी कांता कॉलेजला गेली नाही. मेंढरं घेऊन माळावर गेली. ती अशी न सांगता मेंढरांमागे गेलेली मी पहिल्यांदा बघितली, आणि मला बूट काढून ठेवावेसे वाटले. ते मी काढलेही. (कांताला ही पानं मी परवा फोनवर वाचून दाखवली. ती म्हणाली, "मी रुसून न्हाई गेले, तुझं तोंड बघवत नव्हतं म्हणून गेले." दोन्ही कारणं लिहून ठेवतो.)

घोस तर पिकलेले. ठेवले असते तर दोन-चार दिवसांत मधमाश्यांनी नेले असते. आईच म्हणाली, "शिवरात्र येऊन राहिली की. लोक उपासाला खातेत का न्हाई द्राक्षं? न्या औंढ्याला." म्हणून शिवरात्रीला सकाळी आबा, कांता आणि मी टेम्पोत करंड्या टाकून औंढा नागनाथला गेलो. देवळाच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी दुकानं, रताळी, खजूर, बेलाची पानं, आणि दर्शनाची रांग मारुतीच्या शेपटासारखी लांब. आमच्या शेजारी एका पाटीवाल्याकडे लांबट, हिरवी, बिनबियांची द्राक्षं होती, चकचकीत. आमची बारीक, काळी, जाड सालीची आणि आत बियाच बिया. लोक वाकून विचारायचे, "करवंदं हायेत का?" आणि सरळ होऊन पुढे जायचे.

आबांनी मला सांगितलं, "बोल काहीतरी. ओरड." मी कॉलेजात शेतमाल विक्री हा विषय शिकलो होतो. तोंड उघडलं, पण आवाज निघेना. शेवटी काठी टेकत एक म्हातारी बाई थांबली, दोन मणी तोंडात टाकले आणि म्हणाली, "गोड हायेत रं. कोणत्या जातीचे?" मला बोलायला विषय मिळाला. मी म्हणालो, "मावशी, हे खास वाइनचे द्राक्ष आहेत."

"कशाचे?"

"वाइन. म्हणजे... द्राक्षाची दारू."

म्हातारीने तोंडातल्या बिया तळहातावर काढल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिली. रांगेतले लोक वळले. एकजण म्हणाला, "दारूचे द्राक्ष? महादेवाच्या दारी? उपासाला?" दुसरा म्हणाला, "अन् आजीनं खाल्ले की!" म्हातारीचा चेहरा रडवेला झाला. पाटीवाला हसू लागला. माझ्या मनात एकच आलं: आता हट्ट्याचे लोक आले की ठरलं. माझ्या एका वाक्याने.

कांता करंडीमागून उठली. "आजी, उपास मोडला न्हाई तुमचा," ती म्हणाली. "गूळ खाता का उपासाला?"

"खाते की."

"गुळाची दारू व्हती का न्हाई?"

रांगेतला एकजण म्हणाला, "व्हती! लई व्हती!" लोक हसले.

"मग गूळ दारू झाला का? दारू व्हायला दिवस-दिवस आंबवावं लागतं, बंद भांड्यात, त्यात बारीक जंतू वाढावे लागतेत, ते साखर खातेत तवा दारू व्हती. हे सकाळी वेलावर व्हते. यात जंतू वाढले न्हाई, दारू न्हाई, नुसती साखर हाय. अन् लई साखर हाय, साहेब लोकांनी काचेत मोजलेली." मग ती माझ्याकडे हात करून म्हणाली, "हा माझा भाऊ. खरं बोलायची सवय हाय त्याला, कवा बोलायचं ते कळत न्हाई, एवढंच."

लोक मोठ्याने हसले, आणि मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. म्हातारीने हातातल्या बिया खाली टाकल्या, पुन्हा दोन मणी घेतले आणि चावत, डोळे बारीक करून कांताकडे बघत विचारलं, "लई शानी हायेस गं. कुठवर शिकलीस?"

कांता बोलायला गेली आणि थांबली. हे उत्तर तिचं तिला माहीत नव्हतं. आबा मागे उलट्या करंडीवर बसलेले होते. ते तिथूनच म्हणाले, "शिकून राहिली अजून. परभणीला जाणार हाय."

असं म्हणून त्यांनी तंबाखूची चंची काढली, उपास आहे हे आठवून परत ठेवली, आणि दुसरीकडे बघू लागले. कांताने मागे वळून बघितलं नाही. तिने आजीसाठी तराजूत द्राक्षं घातली, पारडं खाली टेकलं तरी घालत राहिली, आणि सगळी आजीच्या ओच्यात ओतली. आबा एरवी असं मापाबाहेर जाऊ देत नसत. त्या दिवशी त्यांना ते दिसलं नाही.

मला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी एका उलट्या करंडीवर चढलो. सकाळपासून न निघालेला आवाज एकदम निघाला, तोही इतका फाटका की रांगेतली लेकरं दचकली. "घ्या! उपासाची द्राक्षं घ्या! काळीतली, माळाकडची, गोड, गोड!" पाटीवाला कानांवर हात ठेवून उठला. मी थांबेना. शेवटी आबांनी माझ्या पँटचा पाय धरून खाली ओढला.

"आरं हळू," ते म्हणाले. "महादेव बहिरा न्हाई."